फोर्डची मॉडेल टी : चालवताना आणि उघडताना

मोटार चालवता येणाऱ्या कोणालाही फोर्ड कंपनीच्या जुन्या मॉडेल टी गाडीत बसवले, तर पहिल्याच मिनिटाला त्याची पंचाईत होते. पायाशी तीन पेडल दिसतात म्हणून आधी त्याला हायसे वाटते. डावे क्लचचे, मधले ब्रेकचे, उजवे ॲक्सिलरेटरचे, असा त्याचा हिशेब असतो. पण या गाडीत उजवे पेडल ब्रेकचे आहे. मधले दाबले तर गाडी मागे जाते. ॲक्सिलरेटर पायाशी नाहीच. तो स्टिअरिंगच्या चाकाखाली उजव्या हाताला एका बारीक दांडीच्या रूपात आहे. तशीच दुसरी दांडी डाव्या हाताला आहे, आणि तिचे काम काय हे आजच्या ड्रायव्हरला सांगूनही चटकन पटत नाही. इंजिनात ठिणगी केव्हा पडावी हे त्या दांडीने ठरवायचे असते.

ही गाडी अमेरिकेत १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार होत होती. या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. सुरुवातीला तिची किंमत ८५० डॉलर होती; १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत साधा प्रकार २६० डॉलरला मिळत असे. एवढी स्वस्ताई कशी आली, हा अर्थशास्त्राच्या तासाचा विषय आहे. १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि एक सांगाडा जोडायला लागणारा बारा तासांहून अधिक वेळ काही महिन्यांत दीड तासावर आला, एवढे सांगून पुढे जाऊ या. ब्रिटन वगळता ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना या गाड्या फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडून जात, आणि आपल्याकडेही त्या तिथूनच येत.

आम्हाला ही गाडी विज्ञानाच्या शिक्षकांपुढे मांडावीशी वाटते, त्याचे कारण वेगळे आहे. आजच्या मोटारीचे बॉनेट उघडले तर प्लॅस्टिकची झाकणे आणि वायरींचे जुडगे दिसतात. ठिणगीची वेळ, पेट्रोलचे प्रमाण, पाण्याचे अभिसरण, सगळे आत कुठेतरी आपोआप चाललेले असते. मॉडेल टीमध्ये यातली बरीच कामे ड्रायव्हरच्या हातापायांवर सोपवलेली आहेत. त्यामुळे शाळेच्या पुस्तकातले नियम तिथे अक्षरशः हाताला लागतात, आणि दुर्लक्ष केले तर हाताला लागतातही.

हँडल मारण्याआधी

सुरुवात तपासणीने होते. पेट्रोलच्या टाकीला काटा नाही. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या सीटखाली असते. गादी उचलायची, झाकण काढायचे आणि लाकडी पट्टी आत बुडवून किती ओली झाली ते पाहायचे. ऑइलसाठी इंजिनाच्या मागच्या बाजूला खाली दोन छोटे नळ आहेत, एक वर आणि एक खाली. खालचा उघडल्यावर ऑइल आले पाहिजे, वरचा उघडल्यावर येता कामा नये. म्हणजे पातळी या दोहोंच्या मध्ये आहे. प्रयोगशाळेत पातळी मोजायला याहून सोपी युक्ती सापडणे कठीण.

मग रेडिएटरमधले पाणी. काही सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर मॉडेल टीला पाण्याचा पंप नाही. इंजिनाभोवतीचे पाणी तापते, हलके होते आणि वरच्या नळीतून रेडिएटरच्या माथ्यावर जाते. तिथे निवून जड होते, खाली उतरते आणि खालच्या नळीतून पुन्हा इंजिनात शिरते. आपल्या गावातल्या घरांवर बसवलेले सौर बंब बहुधा याच तत्त्वावर चालतात. शाळेत चौकोनी वाकवलेली काचेची नळी असेल तर तीत पाणी भरून पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाका आणि एका कोपऱ्याला दिवा लावा. जांभळी रेघ फिरू लागलेली मुलांना दिसेल. नंतर वरच्या आडव्या भागातले पाणी थोडे काढून घ्या. वर्तुळ तुटते आणि अभिसरण थांबते. मॉडेल टीच्या रेडिएटरमध्ये पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले की नेमके हेच होते. खाली भरपूर पाणी असूनही ते फिरत नाही आणि इंजिन उकळू लागते. ‘अर्धा रेडिएटर तर भरलेला आहे’ असे म्हणून इथे भागत नाही.

आता सर्वांत धोक्याचे काम. १९१९ पासून फोर्डने या गाडीला बॅटरीवर चालणारा स्टार्टर देऊ केला; त्याआधीच्या गाड्या हँडल मारूनच सुरू होत. आपल्याकडच्या जुन्या मालमोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते हँडल आठवेल. या हँडलने अमेरिकेत किती मनगटे मोडली असतील त्याची गणती नाही. ती का मोडत, हे समजण्यासाठी स्टिअरिंगखालच्या त्या डाव्या दांडीकडे वळायला हवे.

सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येतो, पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगी पडते. पण ठिणगी पडल्याबरोबर सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि तिला काही सहस्रांश सेकंद लागतात. सोयीसाठी तीन सहस्रांश सेकंद धरू या. इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर एका सहस्रांश सेकंदात त्याचा दांडा ६ अंश फिरतो. तीनमध्ये १८ अंश. म्हणजे दट्ट्या माथ्यावर पोचायच्या अंदाजे १८ अंश आधी ठिणगी टाकली, तर दट्ट्या माथ्यावर येईपर्यंत ज्योत सगळीकडे पसरते आणि मिश्रणाचा दाब दट्ट्याला खाली ढकलायला पूर्णपणे उपयोगी पडतो. याला ठिणगी ‘ॲडव्हान्स’ करणे म्हणतात.

हँडल मारताना मात्र माणूस इंजिनाला सेकंदाला जेमतेम एक फेरा देतो. आता तीन सहस्रांश सेकंदांत दांडा फिरतो फक्त एक अंश. दांडी चुकून ॲडव्हान्सवर राहिली आणि ठिणगी १८ अंश आधी पडली, तर दट्ट्या अजून वर चढत असतानाच मिश्रण पूर्ण जळून जाते. दाबाने दट्ट्या आल्या वाटेने परत खाली जातो, इंजिन उलटे फिरते आणि हँडलही. माणसाचा हात त्या वेळी हँडलवर असतो.

म्हणून नियम असा : हँडलला हात लावण्याआधी डावी दांडी पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. उजवी दांडी थोडी खाली, म्हणजे पेट्रोल थोडे सुरू. हँडल डाव्या हाताने धरायचे, अंगठा मुठीभोवती न वळवता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आणि हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. ओढताना उलटा झटका आला तर बोटे उघडून हँडल सुटते. दाबताना आला तर शरीराचे सगळे वजन त्याच्यावर असते. इंजिन सुरू झाले की ड्रायव्हरने धावत येऊन ठिणगीची दांडी खाली ओढायची. त्याबरोबर इंजिनाचा धपधप आवाज बदलून भरदार होतो. चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. त्याचे जे स्वागत झाले त्यात या मनगटांचा वाटा मोठा होता.

थंडीच्या दिवसांत आणखी एक प्रकार होई. या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर हे सगळे एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लच म्हणजे एकाशेजारी एक अशा पातळ चकत्यांची चळत. गारठ्याने ऑइल घट्ट झाले की क्लच सोडलेला असूनही त्या चकत्या एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात आणि इंजिन सुरू होताच गाडी हळूहळू पुढे सरकू लागते. पुढे हँडल घेऊन उभा असतो तो तिचा मालकच. यावर उपाय असा की एक मागचे चाक जॅकने उचलून ठेवायचे आणि बाकीच्या चाकांना दगड लावायचे. मागच्या आसातल्या डिफरन्शियलमुळे सगळा फेरा उचललेल्या मोकळ्या चाकाकडे जातो आणि गाडी जागेवर राहते. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी याच गुणाचा उपयोग करून घेतला. उचललेल्या चाकावर पट्टा चढवून ते लाकूड कापायची करवत आणि पाण्याचा पंप चालवीत.

डाव्या पायातले गणित

आता गाडी चालवू या. डाव्या हाताशी एक उभा लिव्हर आहे. तो मागे ओढलेला असताना मागच्या चाकांचे ब्रेक लागलेले असतात आणि गिअर मोकळा असतो. डावे पेडल पूर्ण दाबले की पहिला गिअर. अर्ध्यावर धरले की न्यूट्रल. लिव्हर पुढे लोटून पेडल सोडून दिले की दुसरा आणि शेवटचा गिअर. मधले पेडल उलट्या गिअरचे. हाताने गिअर बदलायचा नाही, दात कुरकुरायचे नाहीत. कारण या गाडीत दातेरी चाके एकमेकांत सरकून अडकत नाहीत. ती सदैव अडकलेलीच असतात.

मग गती कमी-जास्त कशी होते? इथे थोडे थांबायला हवे, कारण शालेय अपूर्णांकांचा इतका सुंदर उपयोग आम्हाला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

इंजिनाच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील आहे. त्याच्या तबकडीवर तीन खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर तीन दातेरी चाकांचा एक जोडगट फिरतो. ही तीन चाके एकमेकांना पक्की जोडलेली असून त्यांचे दाते २७, ३३ आणि २४ आहेत. फ्लायव्हीलच्या मध्यरेषेवर, या गटांच्या मधोमध, आणखी तीन चाके आहेत. २७ दात्यांचे चाक मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला जोडलेले आहे. ते गटातल्या २७ शी अडकते. २१ दात्यांचे चाक एका ड्रमला जोडलेले आहे. ते ३३ शी अडकते. ३० दात्यांचे चाक दुसऱ्या ड्रमला जोडलेले आहे. ते २४ शी अडकते. प्रत्येक जोडीची बेरीज ५४ येते हे मुलांच्या लक्षात येते का पाहा. सगळ्या जोड्या त्याच दोन मध्यरेषांवर बसवायच्या असल्याने ती तशी यावीच लागते.

डावे पेडल पूर्ण दाबले की एक पट्टा पहिल्या ड्रमभोवती आवळला जातो आणि २१ दात्यांचे चाक थांबते. आता आपण मनाने फ्लायव्हीलवर जाऊन बसू, जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसावे तसे. तिथून पाहताना फ्लायव्हील स्थिर भासते आणि थांबलेले २१ चे चाक उलट्या दिशेने एक फेरा घेताना दिसते. त्या फेऱ्यात त्याचे २१ दाते सरकतात, म्हणून ३३ चे चाक २१/३३, म्हणजे ७/११ फेरा फिरते. त्याला जोडलेले २७ चे चाकही तेवढेच फिरते आणि समोरच्या २७ ला ७/११ फेरा फिरवते, तोही उलट्या दिशेने. हे झाले घोड्यावरून. जमिनीवर उतरून पाहिले तर घोडा स्वतः एक फेरा पुढे गेलेला आहे. म्हणून दांड्याचा खरा फेरा १ वजा ७/११, म्हणजे ४/११. इंजिनाच्या अकरा फेऱ्यांना दांड्याचे चार फेरे. गती पावणेतीन पटीने कमी, आणि पीळ त्याच प्रमाणात जास्त.

मधले पेडल दाबले तर ३० दात्यांचे चाक थांबते. तीच रीत वापरा : ३०/२४ म्हणजे ५/४. एक वजा ५/४ बरोबर उणे १/४. उणे चिन्ह आले, म्हणजे दांडा उलटा फिरला. गाडी मागे निघाली, इंजिनाच्या चार फेऱ्यांना एक या वेगाने. ऋण संख्या कशासाठी असतात असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण जरूर द्यावे. आणि दोन्ही पट्टे सोडून क्लच लावला की सगळा गट फ्लायव्हीलबरोबर एकत्र फिरतो, फेऱ्याला फेरा. तो दुसरा गिअर.

मागच्या आसात आणखी एकदा गती ३.६४ पटीने कमी होते. चाकाचा व्यास ३० इंच धरला, तर इंजिनाच्या मिनिटाला १,००० फेऱ्यांना दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा वेग तासाला सुमारे ३९ किलोमीटर आणि पहिल्यामध्ये १४ किलोमीटर येतो. हा हिशेब वर्गात करून घ्यायला हरकत नाही. त्याला जोडून एक प्रश्न देता येईल : ३३ आणि २१ च्या ऐवजी ३६ आणि १८ दात्यांची चाके बसवली असती, तर पहिला गिअर किती पटीचा झाला असता, आणि चढावर तो बरा पडला असता की वाईट?

चढ आला की गाडी उलटी वळवून मागे मागे चढवायची, ही मॉडेल टीची प्रसिद्ध गोष्ट दंतकथा वाटते, पण ती खरी आहे. पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरकडे निव्वळ उताराने येते, पंप नाही. चढावर गाडीचे नाक वर होते, त्याबरोबर कार्बोरेटरही वर जातो. टाकी सीटखाली असते आणि तीत पेट्रोल थोडेच उरलेले असेल, तर ते कार्बोरेटरपर्यंत पोचतच नाही. गाडी उलटी केली की कार्बोरेटर खाली येतो. शिवाय वरचे गणित पाहा : पुढच्या पहिल्या गिअरमध्ये पीळ २.७५ पट, उलट्यामध्ये ४ पट. एका कामात दोन फायदे. १९२६ च्या गाड्यांपासून बहुतेक प्रकारांत टाकी वर, काचेसमोरच्या भागात नेली गेली आणि ही कसरत फारशी उरली नाही.

रात्रीच्या प्रवासाबद्दल थोडेसे. फ्लायव्हीलवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे १६ चुंबक आहेत. ते तारेच्या १६ वेटोळ्यांसमोरून फिरतात आणि वीज तयार होते. ठिणगीसाठी तिचा उपयोग होई आणि १९१५ पासून पुढच्या दिव्यांसाठीही. ज्याने डायनॅमोची सायकल चालवली आहे त्याला पुढचे सांगायला नको. वेग कमी झाला की उजेड मंद. खराब रस्त्यावर, जिथे उजेड हवा तिथेच, तो कमी पडे. मग ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरवीत जात.

उघडल्यावर

ही गाडी आजही अमेरिकेत हौशी मंडळी बाळगून आहेत, चालवतात आणि घरच्या शेडमध्ये दुरुस्त करतात. बरेचसे सुटे भाग नव्याने तयार होऊन मिळतात. फोर्ड कंपनीने मिस्त्रींसाठी काढलेली दुरुस्तीची पुस्तिका आजही पुन्हा छापली जाते, आणि चित्रांसह क्रमवार माहिती कशी लिहावी याचा ती नमुना आहे.

सर्वांत नेहमीचे काम म्हणजे ड्रमभोवतीचे ते पट्टे. पहिला गिअर, उलटा गिअर आणि ब्रेक असे ते तीन. त्यांच्या आतून जाड सुती कापडाचे अस्तर असते. हे अस्तर झिजले की पेडल अधिकाधिक खाली जाते, आणि पट्टा आवळायच्या आधीच पेडल फळीला टेकू लागले तर ती गाडी रस्त्यावर नेण्यात अर्थ नाही. पहिल्या गिअरचा पट्टा बाहेरच्या स्क्रूने कसता येतो. बाकीच्यांसाठी झाकण उघडावे लागते. झाकण उघडल्यावर आधी आत एक स्वच्छ फडके अंथरावे, मग नटाला पाना लावावा. आत पडलेला नट नेमका फ्लायव्हीलच्या चुंबकांकडे जातो, आणि तिथून तो काढण्यात रविवार जातो. झिजलेल्या अस्तराचे तंतू ऑइलमध्ये उतरतात हीही एक कटकट आहे. या इंजिनाला ऑइलचा पंप नाही. फ्लायव्हील फिरताना ऑइल वर उडवते, ते एका नसराळ्यात पडते आणि बारीक नळीतून इंजिनाच्या पुढच्या टोकाला जाते. कापसाच्या तंतूंनी ही नळी तुंबली तर पुढची बेअरिंगे कोरडी पडतात, आणि वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

जुने ड्रायव्हर ब्रेकचा पट्टा वाचवण्यासाठी उतारावर कधी पहिल्या गिअरचे, तर कधी उलट्या गिअरचे पेडल हलके दाबीत. तिन्ही पट्टे ड्रमला अडवतातच, त्यामुळे कोणतेही पेडल दाबले तरी गाडीचा वेग कमी होतो. घाबरलेल्या शिकाऊ माणसाला हे सोयीचे होते.

बेअरिंगे ही मात्र धीराची कामे. आजच्यासारखी तयार बेअरिंगे इथे नाहीत. कथिल, अँटिमनी आणि तांबे यांचा ‘बॅबिट’ नावाचा मऊ मिश्रधातू वितळवून ओततात आणि नंतर तासून दांड्याच्या मापाचा करतात. लोखंडाला तो चिकटावा म्हणून आधी त्या जागेला कथिलाचा पातळ थर द्यावा लागतो. ही तर आपली कल्हई झाली. कल्हईवाला नवसागर टाकून भांड्याचा पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि मगच कथिल फिरवतो. इथेही थर देण्याआधी तशाच स्वरूपाचे रसायन लावून लोखंडावरचा ऑक्साइड काढून टाकतात. धातू मऊ ठेवण्यात हेतू आहे. ऑइल कमी पडले किंवा बारीक कचरा आला, तर बॅबिट झिजते आणि महागडा दांडा वाचतो.

कार्बोरेटरमधल्या तरंगत्या बुचाची गोष्ट रसायनाच्या शिक्षकांसाठी. पेट्रोलची पातळी राखणारा हा फ्लोट मुळात कॉर्कचा असे, आणि कॉर्कने पेट्रोल शोषू नये म्हणून त्यावर लाखेचा थर दिलेला असे. पेट्रोलमध्ये लाख विरघळत नाही, त्यामुळे हे वर्षानुवर्षे चालले. आज अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते. आपल्याकडचा सुतार फ्रेंच पॉलिश करताना लाख कशात भिजत घालतो? स्पिरिटमध्ये. तेच इथे घडते. लाखेचा थर सुटतो, कॉर्क भिजून जड होतो, फ्लोट बुडतो आणि पेट्रोल बाहेर वाहू लागते, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी. म्हणून जुना कॉर्क काढून पितळेचा किंवा इथेनॉलला दाद न देणारा फ्लोट बसवतात.

लाकडी आऱ्यांची चाके आपल्या बैलगाडीच्या चाकांची चुलत भावंडे. कोरड्या हवेत लाकूड आकसते, आरे सैल होतात आणि वळणावर चाक करकरते. चाक रात्रभर पाण्यात ठेवले की ते घट्ट वाटते. उन्हाळ्यात आपल्याकडेही बैलगाडीची चाके ओढ्यात बुडवून ठेवतात. पण चाक सुकले की ते पहिल्यासारखेच सैल होते, आणि मोटारीच्या वेगाला हा उपाय पुरेसा नाही. सैल आरे बदलावेच लागतात.

शेवटी एक अशी जागा, जिथे हौशी मंडळींत नेहमी वाद होतो. मागच्या आसात डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या चकत्या असतात, दोन पोलादी चकत्यांच्या मध्ये एक बॅबिटची. इंजिनाकडून येणारे छोटे दातेरी चाक मोठ्या दातेरी चाकाला बाजूला ढकलत असते. तो रेटा या चकत्या घेतात. बॅबिट वयाने ठिसूळ होते, त्याचा चुरा होतो. तसे झाले की मोठे चाक बाजूला सरकते आणि दात्यांची पकड सुटते. गाडी पुढे जात नाही एवढेच नुकसान असते तर ठीक होते. पण या गाडीचे ब्रेकचे पेडल चाकांना पकडत नाही. ते गिअरच्या ड्रमला पकडते. ड्रम आणि चाके यांच्यातला दुवाच तुटला, तर पेडल कितीही दाबा, चाके मोकळी फिरत राहतात. उलट्या गिअरचे पेडलही तेव्हा उपयोगाचे नाही, आणि इंजिनाचा अडसरही नाही. उरतो तो हाताचा लिव्हर, जो मुळात उभी गाडी धरून ठेवण्यासाठी आहे.

गाडी जशी कारखान्यातून आली तशीच ठेवावी, असे मानणारे लोक आहेत, आणि रंग, दिवे, गादीचे कापड यांबाबत आम्हाला त्यांचे म्हणणे पटते. या चकत्यांबाबत पटत नाही. बॅबिटच्या जागी काशाची चकती बसवली तर बाहेरून गाडीत काडीचाही फरक दिसत नाही आणि हा धोका जातो. त्याशिवाय मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे जादा ब्रेकही मिळतात. डोंगराळ भागात गाडी नेणारे ते बसवतात. जुनी मॉडेल टी विकत घेणाऱ्याला जाणकार पहिला प्रश्न विचारतात तो याच चकत्यांचा. विकणारा ‘बदलल्या आहेत’ म्हणाला तरी आस उतरवून, दोन्ही बाजू खोलून, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते गाडी उतारावर नेत नाहीत. पहिल्यांदाच करणाऱ्याचे त्यात दोन-तीन दिवस सहज जातात, आणि बऱ्याचदा खाली जमलेल्या घट्ट ग्रीसमध्ये करड्या धातूचे तुकडे सापडतात.